भैय्याजीचं वाटप

आमच्या कॉलेजात दुसऱ्या कशाची बी कमी असेल, समित्यायची नाही. नळाले पाणी आलं नाही की समिती. पाणी जास्त आलं की दुसरी समिती. मी भावना वैरागडे, विद्यार्थी कल्याण विभागाची हेडक्लार्क. सत्तावीस वर्षं या समित्यायचे इतिवृत्त लिहून लिहून माझा अंगठा वाकडा झाला. मी कोणाच्या बापाले भेत नाही, कोणाची फाईल अडवत नाही, पण तोंड खराब आहे. ते माहेराहून आणलं, खाप्याहून. तिथं कन्हान नदीच्या घाटावर बाया कपडे कमी अन् माणसं जास्त धुतात.

गोष्ट भांडारवाल्या भैय्याजीची आहे. पण ती सांगाले आधी त्या शहाण्यायची समिती सांगा लागते, इलाज नाही.

भैय्याजी हे त्यायचं खरंखुरं नाव, शाळेच्या दाखल्यावरचं. भैय्याजी सोमकुवर. पुण्याकडून आलेले नवे प्राध्यापक मले येऊन विचारतात, "भैय्याजी म्हणजे त्यांचं नाव काय?" आता याले काय सांगा! राहतात नागपूरच्या इंदोऱ्यात. आजा छप्पन साली त्यायच्या बापाले बोटाले धरून दीक्षेले गेला होता. आजाले सही येत नव्हती, म्हणून त्या घरात लिहिलेल्या अक्षराले भल्ला मान. कागदावर खोटं लिहायचं नाही, हा त्यायच्या घरचा कायदा. व्यायामशाळेच्या मागच्या भांडारात खडू, डस्टर, उत्तरपत्रिका अन् मोडके बेंच यायच्यात हा माणूस तीस वर्षं बसला, अन् तीस वर्षांत त्यायच्या रजिस्टरात एक खाडाखोड नाही. खिशात दोन पेन. निळा जावकेचा, लाल आवकेचा. बाह्यायची बटणं मनगटापर्यंत लावलेली, मे महिन्यातही. तोंडात तंबाखूचा खर्रा नाही, चहाच्या टपरीवर उभं राहणं नाही. लग्न नाही.

लग्न नाही म्हणजे आमच्या ऑफिसले चघळाले विषय. दर रविवारी हा माणूस स्टीलचा चार पुडाचा डबा घेऊन बुटीबोरीच्या बसमध्ये बसते, हे आमच्या शिपायानं पाहून ठेवलं होतं. झालं! त्या दिवसापासून 'बुटीबोरीवाली' सुरू झाली. कोणी म्हणे विधवा आहे, कोणी म्हणे नवऱ्यानं टाकलेली आहे, कोणी म्हणे मिलात कामाले आहे. अन् या सगळ्यात पुढं कोण? मी. दर सोमवारी मी भांडाराच्या खिडकीत उभी राहून विचारत होती, "काय भैय्याजी, बुटीबोरीवाली कशी आहे?" ते मान वर न करता सांगत, "बरी आहे, बाई." अन् आम्ही बाया तोंडाले पदर लावून हसत वापस येत होतो. वीस वर्षं चाललं हे. मले कधी वाईट वाटलं नाही, खोटं कायले सांगू.

आता समिती. दोन वर्षांआधी वरून पत्र आलं की प्रत्येक कॉलेजात एलजीबीटी विद्यार्थ्यायसाठी एक कक्ष पाहिजे. आमच्या इथं पत्र आलं की दुसऱ्या दिवशी पाटी लागते. काम कधी लागते ते विचारू नका. जिन्याखालच्या खोलीतून झाडू-बादल्या काढल्या, 'समावेशन कक्ष' अशी पाटी लावली अन् अध्यक्ष केलं मानसशास्त्राच्या चारुशीला मॅडमले. मॅडमच्या साड्या हातमागाच्या अन् बोलणं मधासारखं. या बाईनं आजवर एका तरी पोराचं दुःख दोन मिनिटं ऐकलं असेल, त मी हेडक्लार्कची खुर्ची सोडते. पण दुःखावर भाषण सांगा, चाळीस मिनिटं बिनपाण्याचं. तिच्यासोबत सुमंत सर. हा माणूस कॉलेजचा दर्जा वाढवायचे अहवाल लिहिते. त्याच्यासाठी जगात जे काही घडते ते फोटो काढासाठी घडते. नियमानं एक विद्यार्थी पाहिजे म्हणून बीएस्सी दुसऱ्या वर्षाची मेघा. सामानाचं काम म्हणून भैय्याजी. लिहाले मी.

वर्षभरात त्या कक्षाची बैठक झाली नाही. ऑगस्टमध्ये नव्या पोरायचा मेळावा आला, प्रत्येक विभागानं आपलं माहितीचं टेबल लावायचं असं ठरलं, तेव्हा मॅडमले जाग आली. पहिली बैठक. मले वाटलं, आता ठरेल की पोरायशी बोलणार कोण, खोली उघडी राहील केव्हा, कोणी रडत आला त काय करायचं. कसचं काय! विषय एकच: टेबलावरून वाटायचं काय.

मॅडमनं जरीपटक्याच्या हर्षितले बोलावलं होतं. हा हर्षित नगरसेवकायच्या घड्याळापासून बारशाच्या खुळखुळ्यापर्यंत सगळ्यावर नावं छापून देते. दोन बोजे घेऊन आला अन् टेबलभर दुकान मांडलं. मनगटाचे रबरी पट्टे, बिल्ले, किल्लीचे गोळे, पिशव्या, टोप्या, चष्मे, हातपंखे, एक छत्री. सगळं सातरंगी.

"काय गा हर्षित," मी म्हटलं, "पंधरा ऑगस्टचाच माल रंगवून आणला का?"

"नाही मॅडम, एकदम फ्रेश आहे. कलर तुम्ही सांगा, सात पाहिजे, सहा पाहिजे, बना के देतो."

आता या सहा अन् सातवर आमच्या शहाण्यायचा पाऊण तास गेला. मेघा हळूच म्हणाली की या झेंड्यात रंग सहाच असतात. सुमंत सर खवळला. "इंद्रधनुष्यात सात रंग असतात. तानापिहिनिपाजा! चौथीतला पोरगा सांगेल. आपल्या कॉलेजची चूक बाहेर दिसली तर?" मॅडमनं मधला मार्ग काढला, सात ठेवा, एक जरा फिक्का. मी इतिवृत्तात लिहिलं, 'रंगांबाबत सखोल चर्चा झाली.'

मंग छापायचं काय. कॉलेजचं चिन्ह. कक्षाचं पूर्ण नाव. अन् अर्थातच संस्थेच्या अध्यक्षसाहेबायचा फोटो, कारण आमच्या इथं पाण्याच्या ग्लासावर बी त्यायचा फोटो असते. म्हणजे पोट्टं ही पिशवी घेऊन घरी जाईल, तिच्या एका बाजूनं अध्यक्षसाहेब हात जोडून उभे अन् दुसऱ्या बाजूनं हातभर अक्षरात 'एलजीबीटी समावेशन कक्ष'. संक्रांतीले बाया वाण लुटतात ना, तसं मॅडमले वाटून राहिलं होतं. वाटी घ्या, कुंकू लावा, चला पुढची. वाण घेणारीले घरी जाऊन कोणी काही विचारत नाही, एवढं बी या बाईच्या डोक्यात येत नव्हतं.

मेघा बसल्या जागी चुळबुळ करत होती. शेवटी बोलली. "मॅडम, हे घेऊन मी घरी कशी जाऊ?"

"का गं? लाज कसली त्यात?" मॅडम हसली. "मी स्वतः पट्टा घालणार आहे. दिवसभर!"

घालशीलच बाई. तुले नवरा गाडीतून सोडते अन् गाडीतून नेते. तुले कोण विचारणार? मेघा जाते शेअर आटोनं. तिचा मोठा भाऊ रोज संध्याकाळी तिची बॅग उपडी करून पाहते अन् मोबाईल चाळते, हे मले माहीत होतं. मागच्या साली तो फीच्या खिडकीवर येऊन माझ्याशीच भांडला होता, हिच्या वर्गात पोट्टे किती आहेत म्हणून. ही पोरगी सांगून राहिली होती ते तिच्या स्वतःबद्दल, हे मले तेव्हाच समजलं. मॅडमले समजलं नाही. मानसशास्त्राची डॉक्टर ना ती!

तेव्हा भैय्याजी पहिल्यांदा बोलले. तोपर्यंत भिंतीले टेकून बसले होते. खिशातून एक साधं प्लास्टिकचं कव्हर काढलं, आयकार्ड ठेवायचं, पारदर्शक. "मागच्या परीक्षेचे दोनशे पडून आहेत," ते म्हणाले. "नवं काही घ्या लागत नाही. समोर पोराचं आयकार्ड राहील. मागं अशी एक पांढरी चिठ्ठी. हिच्यावर, कॉलेजात हप्त्यातून एकदा येते त्या समुपदेशक बाईचा नंबर अन् तिच्या खोलीची वेळ. बस. कार्डाच्या मागं आहे, बाहेरून काही दिसत नाही. घरच्यायनं बॅग उपडी केली त आयकार्ड निघते, दुसरं काही नाही."

सुमंत सरनं ते उलटंपालटं केलं. "यावर आपलं चिन्ह कुठं दिसणार?"

"दिसणार नाही. म्हणून त."

दोघंही हसले. मॅडम म्हणाली, "गोड कल्पना आहे हो भैय्याजींची. ठेवा, कोपऱ्यात ठेवा तुमचे ते." मेघानं मात्र ते कव्हर हातात घेतलं होतं, ते वापस ठेवलंच नाही.

अन् आता माझी अक्कल ऐका. इतका वेळ दुसऱ्यायले मूर्ख म्हणून राहिली, आता माझा नंबर. भांडारातली कोणती बी वस्तू सहीशिवाय बाहेर जात नाही, हा आमच्या कॉलेजचा नियम. मागं एकदा क्रीडा दिनाच्या टोप्या कोणाच्या तरी मामाच्या लग्नात दिसल्या, तेव्हापासून वाटप रजिस्टर मीच सुरू केलं. रकाने बी माझेच: अनुक्रमांक, नाव, वर्ग, मोबाईल, सही. कॉलेज रक्तदानाले आलेल्यायची सही घेते, झाडं लावणाऱ्यायची घेते, खिचडी खाणाऱ्यायची घेते. मी छाती काढून म्हटलं, "वस्तू कोणती बी असो, रजिस्टरावर सही पाहिजे." वर लिहिलं बी, 'सदर साहित्य संबंधित विद्यार्थी व कर्मचाऱ्यांनाच देय.'

मॅडमचा चेहरा उजळला. "अरे वा! म्हणजे आपल्याकडे यादी तयार होईल! मग त्यांच्या पालकांना बोलावू. मेळावा घेऊ, अध्यक्षसाहेबांच्या हस्ते सत्कार करू."

सुमंत सर म्हणाला, "अहवालाला आकडा अन् नावं, दोन्ही मिळतात."

मेघाच्या तोंडावरचा रंग गेला. भैय्याजीनं माझ्याकडं पाह्यलं. रागानं नाही. लहान पोरानं गरम तव्याले हात लावाले जावं, तेव्हा पाहतात तसं.

बैठक सुटल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले. कधी येत नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, "बाई, त्या टेबलावर रजिस्टर नका ठेवू."

"काहून?"

"पोरं येणार नाहीत. आले त नाव लिहिणार नाहीत. लिहिलं त ते घरी पोहोचन."

"हे पाहा भैय्याजी," मी म्हटलं, "नियम तो नियम. एकासाठी सोडला त उद्या सगळे मागतील. अन् तुमच्याच भांडाराचं सामान आहे. मार्चमध्ये तुमचं रिटायरमेंट आहे. दोनशे नगाचा हिशेब लागला नाही त पेन्शनचे कागद अडकतील ते कोणाचे? माझे का?"

ते म्हणाले, "हिशेब लागन, बाई." अन् गेले. मी मनात म्हटलं, या माणसाले वय झालं.

मेळाव्याचा दिवस आला. आमच्या टेबलाले हर्षितनं फुग्यायची कमान केली होती, इतकी मोठी की बाजूच्या ग्रंथालयाच्या टेबलाची पाटी झाकली गेली. पट्टे, बिल्ले, पिशव्या, अध्यक्षसाहेब. मधे मॅडम, हाती पट्टा घालून. एका कोपऱ्यात लोखंडी खुर्चीवर भैय्याजी, पुढ्यात माझं रजिस्टर अन् चिठ्ठ्या घातलेल्या दोनशे कव्हरायचा खोका.

पहिले दोन तास पाखरू फिरकलं नाही. पोरं ग्रंथालयाच्या टेबलापर्यंत येत, फुगे पाहत, अन् तिथून असे वळत जसं पुढं खड्डाच आहे. सुमंत सरले फोटो पाहिजे होता. त्यानं एनसीसीचे तीन पोट्टे कान धरून आणले, पट्टे घालाले लावले, फोटो काढला. पोट्ट्यायनं पट्टे तिथंच काढून ठेवले अन् पळाले. पोरायसाठी मांडलेल्या टेबलावर दुपारपर्यंत कोण गेलं? तीन धरून आणलेले अन् एक नवा शिपाई, त्याले पिशवी पाहिजे होती भाजीसाठी. मले वाटलं, बरी जिरली मॅडमची. खरं सांगते, मजा आली मले.

साडेबारा वाजता मॅडम अन् सर जेवाले गेले. माझी खिडकी बरोबर टेबलासमोर. मी डबा उघडून पाहत होती. भैय्याजीनं खिशातला निळा पेन काढला, रजिस्टर उघडलं अन् लिहाले लागले. सावकाश, एकेक ओळ; मले वाटलं, अनुक्रमांक टाकून राहिले. बऱ्याच वेळानं मेघा आली. कमानीपाशी थांबली. भैय्याजी म्हणाले, एवढं मले ऐकू आलं, "ये वं पोरी. सह्या झाल्या. घेऊन जाय."

तिनं रजिस्टरात वाकून पाह्यलं. मंग भैय्याजीकडं पाह्यलं. ओठ दाबले, एक कव्हर उचललं, आपलं आयकार्ड त्यात घातलं अन् गळ्यात अडकवून चालली गेली.

तिनं कोणाले काय सांगतलं, ते तिले माहीत. पण त्यानंतर पोरं येऊ लागले. पत्ता विचाराले यावं तसे. एकेकटा यायचा, "काका, ऑफिस कुठं आहे?" असं काही तरी विचारायचा, अन् जाताना हातात कव्हर. काही पोरी नुसत्या फुगे पाहत उभ्या राहत अन् खोका हलका होत जाय. एका लठ्ठ पोट्ट्यानं चार नेले. साडेचार वाजता खोका रिकामा. मॅडम जेवून, वामकुक्षी घेऊन आली तेव्हा पट्टे, बिल्ले, पिशव्या सगळं जसंच्या तसं होतं. मी मात्र खूश. सह्या कोणाच्या ते पाहाले मी उठलीच नाही; मनात म्हटलं, पाहा, दोनशे सह्या झाल्या. उगीच भेवाडत होते भैय्याजी.

आठ दिवसांनी मॅडमले पालकायच्या सभेसाठी यादी पाहिजे होती. रजिस्टर मागवलं. पाच मिनिटांत तिचा आवाज आख्ख्या मजल्यावर ऐकू आला.

पहिली ओळ: भैय्याजी सोमकुवर. वर्ग: भांडार. मोबाईल. सही. दुसरी ओळ: भैय्याजी सोमकुवर. तिसरी, चौथी, पन्नासावी, दोनशेवी. कुठं वरच्याप्रमाणे म्हणून दोन रेघा नाही मारल्या. दोनशे वेळा पूर्ण नाव, पूर्ण सही, एकाच निळ्या पेनानं, एकही खाडाखोड नाही. मी ते पान हातात घेतलं. हे माझेच रकाने होते.

समिती बसली. सुमंत सर त सरकारी वकिलासारखा तयार होऊन आला होता. "खोट्या नोंदी! शासकीय दस्तात खोट्या नोंदी! याला मेमो द्यावा लागेल. मार्चच्या आत चौकशी संपली नाही तर पेन्शन विसराच." मॅडम म्हणाली, "भैय्याजी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. आता मी पालकांना काय सांगू?" पालकायले काय सांगू! तीस वर्षं नोकरी केलेला माणूस उभा जळून राहिला होता अन् बाईले सभेची चिंता.

"नोंदी खोट्या नाहीत," भैय्याजी म्हणाले.

"म्हणजे? तुम्ही एकट्यानं दोनशे घेतले?"

"घेतले. मंग माझे झाले. ज्याले पाहिजे होते त्याले मी देले. किती घ्यायचे हे रजिस्टरात लिहिलं नाही."

"अहो, पण यावर लिहिलंय!" सुमंत सरनं पानाच्या माथ्यावर बोट आपटलं. माझं अक्षर. "संबंधित विद्यार्थी व कर्मचाऱ्यांनाच देय. संबंधित! तुमचा काय संबंध? तुम्ही काय त्यातले आहात?"

अन् तो हसला. मॅडम बी हसली, हळूच, तोंडावर हात ठेवून.

मेघा खुर्चीतून उठाले लागली. तिचं तोंड उघडलं होतं, नाव सांगणार होती ती, स्वतःचं अन् कोणाकोणाचं, मले दिसलं ते. भैय्याजीनं तिच्याकडं न पाहता फक्त हात खाली केला. बस. ती बसली.

मले त्या क्षणी सगळं समजलं, अन् फार उशिरा समजलं. नाही म्हटलं त नोंदी खोट्या, मेमो, चौकशी, पेन्शन अन् पोरायची नावं शोधाले हे दोघं मोकळे. हो म्हटलं त नोंदी खऱ्या. पण मंग ते 'हो' आख्ख्या कॉलेजात, इंदोऱ्यात, भावाभाच्यायत फिरणार, सत्तावन्नाव्या वर्षी. तीस वर्षं बटणं लावून सांभाळलेलं सगळं. मले ओरडावं वाटलं, भैय्याजी, नाही म्हणा, पेन्शनचं मी पाहते. पण माझं तोंड, जे कोणाच्या बापाले भेत नाही, ते बंद होतं.

भैय्याजीनं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, घातला.

"हो," ते म्हणाले. "त्यातलाच आहे मी. नोंद खरी आहे, सर."

 सुमंत सर मोबाईलमध्ये पाहाले लागला. मॅडम, जी पट्टा घालून दिवसभर बसली होती, तिनं खुर्ची वीतभर मागं सरकवली. मी पाह्यलं ते. एक वीत. असा राग आला मले त्या बाईचा की तिच्या हातमागाच्या साडीवर शाई सांडावं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या कक्षात खरा माणूस आला होता, अन् ही मागं सरकली!

"इतिवृत्तात काय लिहू?" मी विचारलं.

 मंग मीच लिहिलं अन् मोठ्यानं वाचलं: 'वाटप रजिस्टर तपासले. सर्व नोंदी बरोबर आहेत. यादीची आवश्यकता नाही. विषय समाप्त.' सुमंत सर म्हणाला, "पण..." मी म्हटलं, "सही करा सर. नाही त तुम्ही आता कर्मचाऱ्याले काय विचारलं, ते शब्दाले शब्द लिहिते. अक्षर माझं चांगलं आहे." त्यानं सही केली. मॅडमनं बी केली. मले वाटलं, मी मोठं काम केलं.

संध्याकाळी भांडारात गेली. ते खडूचे डबे लावून राहिले होते, नेहमीसारखे. मी खिडकीत नाही थांबली, पहिल्यांदा दारातून आत गेली अन् मोडक्या बेंचवर बसली.  वीस वर्षं जे विचारत आली होती तेच तोंडी आलं, अन् जीभ चावली.

"नाव काय त्यायचं?" मी विचारलं. "बुटीबोरीचं."

त्यायनं हातातला डबा खाली ठेवला.

"गणपतराव."

"कसे आहेत?"

"गेले, बाई. कापडाच्या मिलात होते. छातीत दुखलं अन् तिथंच पडले. या दिवाळीले चार वर्षं होतील."

चार वर्षं. मी बोटं मोजत बसली. चार वर्षांतले सगळे सोमवार. दर सोमवारी मी त्या खिडकीत उभी होती, हसत होती, अन् हा माणूस मले सांगत होता, बरी आहे, बाई.

"अन् तुम्ही मले... दर वेळी..." मी खडूच्या डब्यायकडं पाहत म्हटलं, "तुम्ही त कधी खोटं लिहीत नाही, भैय्याजी."

"लिहिलं नाही ना कुठं. बोललो फक्त." ते खडूचा डबा उचलून वर ठेवाले लागले, माझ्याकडं पाठ करून. "त्यायच्या घरच्यायनं मले मातीले बी येऊ देलं नाही. इथं कोणाले माहीत नव्हतं. तुम्ही दर सोमवारी विचारत होत्या, कशी आहे म्हणून. दुसरं विचारणारं कोणी नव्हतं, बाई. म्हणून सांगत होतो."

मी बेंचावरून उठली अन् खडूचे डबे एकेक करून त्यायच्या हातात देत गेली.